वाचकांचे प्रश्न : गोदावरीच्या पात्रात काय पाहावे?

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवतो. सुट्टीत कोलाडला कुंडलिका नदीवर मार्गदर्शकाबरोबर कयाक चालवण्याचा योग आला. त्यांनी खडकामागचे भोवरे, उथळ खळाळ आणि खोल डोह पाण्यातूनच दाखवले व प्रत्येकाचे कारणही सांगितले. आपल्याकडे गोदावरीत ना तसे खडक, ना तसा वेग. मग विद्यार्थ्यांना येथे कोणती भूरूपे दाखवता येतील? पाठ्यपुस्तकातले नालाकृती सरोवर तरी सापडेल का?
– एक शिक्षक, गंगाखेड

उत्तर : कोलाडला आपण पाहिले ते सह्याद्रीच्या पायथ्याचे खडकाळ पात्र होते आणि त्यात वाहणारे पाणी वरच्या वीजप्रकल्पातून सोडलेले होते. गोदावरी ब्रह्मगिरीवर सुमारे १०६७ मीटर उंचीवर उगम पावते आणि नाशिकला पोहोचेपर्यंत ६०० मीटरच्या आसपासच्या उंचीवर उतरते. तेथून नांदेडपर्यंतच्या लांबलचक वाटचालीत मात्र ती जेमतेम अडीचशे मीटर खाली येते. त्यामुळे आपल्या भागात तळ कापण्याचा तिचा जोर ओसरलेला असतो आणि काठ खाणे व गाळ टाकणे हेच तिचे मुख्य काम उरते. गंगाखेडला खळाळ शोधण्यापेक्षा वळणे पाहावीत, असे आमचे मत आहे.

वळणावर पाण्याचा मुख्य लोट बाहेरच्या काठाकडे झुकतो. वरचे वेगवान पाणी बाहेर जाऊन काठावर आदळते व खाली वळते; तळालगतचे पाणी घर्षणाने मंदावलेले असल्यामुळे आतल्या काठाकडे सरकते आणि जाताना वाळू ओढून नेते. अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९२६ साली नद्यांच्या वळणांवर एक निबंध लिहिला, त्यात हीच क्रिया त्यांनी चहाच्या पेल्यावरून समजावली होती : ढवळलेल्या चहात तळाची पत्ती कडेला न जाता मध्यभागी गोळा होते. नदीवर जाण्याच्या आदल्या दिवशी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. पत्तीचा चहा शाळेत नेहमी होतच असतो.

कयाकमध्ये बसणारा पाण्याच्या पृष्ठभागापासून वीतभरच वर असतो, म्हणून त्याला हे सारे हाताला जाणवते. वळणाच्या तोंडाशी वल्हे थांबवले की नाव आपसूक बाहेरच्या काठाकडे ओढली जाते. तेथे काठ उभा तुटलेला दिसेल : वर काळी माती, तिच्याखाली पिवळसर तपकिरी जुना गाळ, त्यात चुनखडीचे पांढुरके खडे आणि दरडीबाहेर लोंबणारी बाभळीची मुळे. याच जुन्या गाळात गोदावरीच्या खोऱ्यात प्राचीन हत्तींचे अवशेष सापडलेले आहेत, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे. अशा दरडीच्या अगदी खाली मात्र नाव नेऊ नये, कारण पायथा पोखरला गेला की वरचा भाग अचानक ढासळतो.

समोरच्या, म्हणजे आतल्या, काठावर वाळूचा उतरता पट्टा असतो. तेथे उतरून विद्यार्थ्यांना गोटे पाहू द्यावेत. वळणाच्या सुरुवातीला गोटे जाड असतात आणि खालच्या टोकाकडे जावे तसतशी बारीक वाळू लागते, कारण पाण्याचा जोर कमी होत जातो तसे जड द्रव्य आधी आणि हलके नंतर खाली बसते. चपटे गोटे एकमेकांवर रेललेले दिसतात व त्यांचा उतार प्रवाहाच्या वरच्या बाजूला असतो. म्हणूनच पात्र कोरडे असतानाही केवळ गोट्यांवरून पूर कोणत्या दिशेने आला ते सांगता येते. त्यांत काळ्या बेसाल्टबरोबर गारगोट्या आणि अकीकही मिळतात. लाव्हा थंड होताना खडकात पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्या पोकळ्यांत ही खनिजे तयार झाली.

नालाकृती सरोवराची अपेक्षा फारशी ठेवू नये. नदी एखादे वळण तोडून सरळ निघून गेली की मागे ते सरोवर उरते. त्यासाठी मऊ गाळाचे विस्तीर्ण मैदान आणि सहज सरकणारे पात्र लागते. बिहारमधील बेगुसराय जिल्ह्यातला कंवर ताल हे त्याचे ठळक उदाहरण आहे. गोदावरीचे काठ येथे उंच व चिकट गाळाचे आहेत आणि ठिकठिकाणी खाली बेसाल्ट लागतो, त्यामुळे ती आपली वळणे सहजासहजी सोडत नाही. खडकावरचे नदीकाम दाखवायचे असेल, तर किनवट तालुक्यात पैनगंगेवरील सहस्रकुंड धबधबा गाठावा. रांजणखळग्यांसाठी, म्हणजे भोवऱ्यात फिरणाऱ्या गोट्यांनी खडकात कोरलेल्या खोल खळग्यांसाठी, मात्र पारनेर तालुक्यातील निघोजला, कुकडीच्या पात्रातच जावे लागेल.

एक अडचण आधीच सांगितलेली बरी. आपेगाव, हिरडपुरी, ढालेगाव, मुद्गल, दिग्रस अशा बंधाऱ्यांमुळे पैठणच्या खाली गोदावरी बरीचशी लांबट तलावांची माळ झाली आहे. बंधारा भरलेला असताना वाळूचे पट्टे पाण्याखाली असतात आणि नाव चालवायला सोपी जाते, पण पाहायला काही उरत नाही. बंधाऱ्याच्या फुगवट्याबाहेरचा टप्पा निवडावा किंवा पाणी उतरू लागल्यावर सहल ठेवावी.

प्रश्न : मार्गदर्शक ‘डाव्या काठाला घ्या’ म्हणतात तेव्हा परतीच्या वाटेवर डावा काठ उजवा होतो का?
– एक विद्यार्थिनी, परभणी

उत्तर : होत नाही. प्रवाह ज्या दिशेने जातो तिकडे तोंड केल्यावर डाव्या हाताला येतो तो डावा काठ, मग नाव कोणत्याही दिशेने चालो. जायकवाडीचा डावा कालवा जालना-परभणीकडे आणि उजवा बीडकडे जातो, तोही याच हिशेबाने.

प्रश्न : शांत दिसणाऱ्या गोदावरीत लाइफ जॅकेटची खरोखर गरज असते का?
– एक पालक, नांदेड

उत्तर : असते, आणि पोहता येणाऱ्यालाही असते. वाळू उपसलेल्या ठिकाणी गुडघाभर पाण्यातून पुढचे पाऊल थेट खोल खड्ड्यात पडते आणि वरून त्याची काहीही खूण दिसत नाही. बंधाऱ्यावरून पाणी सांडत असेल, तर त्याच्या पायथ्याशी उलटा फिरणारा प्रवाह तयार होतो. त्यात सापडलेली वस्तू पुन्हा पुन्हा भिंतीकडे खेचली जाते. बंधारा दिसू लागताच काठ गाठून नाव उचलून पलीकडे न्यावी, आणि दरवाजे उघडले जाणार आहेत का याची चौकशी पाटबंधारे कार्यालयात सकाळीच करून ठेवावी.