सेरामपूरची पदवी
वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा भाचा पुण्याच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत बी.डी.चा, म्हणजे ख्रिस्ती ईश्वरविज्ञानाच्या पदवीचा, अभ्यास करतो आहे. पदवी मात्र ‘सेरामपूर’ची मिळणार, असे तो सांगतो. आम्ही श्रीरामपूर तालुक्यातले, त्यामुळे घरातल्या वडीलधाऱ्यांना ती आपल्याच गावची वाटली. हे सेरामपूर कुठले, ते महाविद्यालय आहे की विद्यापीठ, आणि बाप्टिस्ट मिशनऱ्यांनी काढलेल्या संस्थेला पदव्या देण्याचा अधिकार कोणी दिला?
— एक वाचक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : नावातला घोळ अगदी स्वाभाविक आहे, कारण बंगाली माणूस त्या गावाला श्रीरामपूरच म्हणतो. ते कोलकात्याच्या उत्तरेला, हुगळी नदीच्या पश्चिम तीरावर आहे. १७५५ पासून तेथे डेन्मार्कची वखार आणि वसाहत होती. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. म्हणून १८०० साली विल्यम कॅरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड या तिघा बाप्टिस्टांनी डॅनिश झेंड्याखाली आसरा घेतला. नदीच्या पलीकडे बॅरकपूरला इंग्रजांची छावणी आणि अलीकडे हे तिघे, असा तो प्रकार होता.

या तिघांनी जुलै १८१८ मध्ये महाविद्यालयाचे योजनापत्रक प्रसिद्ध केले. मराठी वाचकाला १८१८ म्हटले की पेशवाईचा शेवट आठवतो. त्याच वर्षी बंगालमध्ये ही संस्था उभी राहत होती. आशियातील ख्रिस्ती आणि इतर तरुणांना पौर्वात्य वाङ्मय व युरोपीय शास्त्रे शिकवणे, हा तिचा उद्देश पत्रकातच नमूद होता. म्हणजे ही नुसती पाळक तयार करणारी शाळा नव्हती. पहिल्या ३७ विद्यार्थ्यांत ख्रिस्ती होते तसे हिंदूही होते. पुढे मार्शमन स्वतः कोपनहेगनला गेले आणि २३ फेब्रुवारी १८२७ रोजी राजा सहावा फ्रेडरिक याने महाविद्यालयाला सनद दिली. कोपनहेगन आणि कील येथील विद्यापीठांप्रमाणे पदव्या देण्याचा अधिकार त्या सनदेने मिळाला. या माणसांना तिचे मोल किती वाटले असेल, हे समजण्यासाठी एक गोष्ट ध्यानात घ्यावी : त्या काळी त्यांच्या स्वतःच्या देशात, केवळ बाप्टिस्ट, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चबाहेरचे, असल्याच्या कारणाने, त्यांना ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजची पदवी मिळू शकत नव्हती.

१८४५ मध्ये डेन्मार्कने सेरामपूर आणि तरंगमबाडी या वसाहती साडेबारा लाख रुपयांना कंपनीला विकल्या, तेव्हा करारात महाविद्यालयाचे हक्क कायम राखण्यात आले. एवढे होऊनही ईश्वरविज्ञानाची पहिली बी.डी. पदवी दिली गेली ती १९१५ साली, म्हणजे सनदेनंतर तब्बल ८८ वर्षांनी. त्यानंतर १९१८ मध्ये बंगालच्या विधिमंडळाने सेरामपूर महाविद्यालयाचा कायदा संमत केला आणि सिनेट, म्हणजे ईश्वरविज्ञानाच्या पदव्यांचा कारभार पाहणारी सभा, स्थापन झाली. आपल्या भाच्याच्या पदवीपत्रावर जे नाव येईल ते या सिनेटचे. तिच्यात बाप्टिस्टांखेरीज इतर प्रॉटेस्टंट आणि सिरियन परंपरेतील मंडळ्यांचाही सहभाग आहे, आणि देशभरातील अनेक सेमिनऱ्या तिला संलग्न आहेत. आधी यवतमाळला असलेली आणि १९८३ मध्ये पुण्यात बिबवेवाडीला आलेली आपल्या भाच्याची सेमिनरी त्यांपैकीच एक.

आता महाविद्यालय की विद्यापीठ, हा प्रश्न. सेरामपूरच्या आवारात बी.ए., बी.एस्सी. किंवा बी.कॉम. करणाऱ्या विद्यार्थ्याला पदवी कोलकाता विद्यापीठाची मिळते, कारण त्या शाखा त्या विद्यापीठाला संलग्न आहेत. त्याच आवारात ईश्वरविज्ञान शिकणाऱ्याची पदवी मात्र सेरामपूरच्या सिनेटची असते. इतरत्र मोठे विद्यापीठ पदवी देते आणि सेमिनरी त्याच्या छायेत असते. येथे विद्यार्थिसंख्येने लहान असलेल्या ईश्वरविज्ञान विभागाच्या मागे संस्थेची स्वतःची सनद आहे आणि मोठ्या शाखा बाहेरच्या विद्यापीठावर अवलंबून आहेत. एक व्यवहाराची सूचना : भाच्याला पुढे एखाद्या सरकारी विद्यापीठात एम.ए. किंवा पीएच.डी. करायची इच्छा असेल, तर बी.डी. तेथे ग्राह्य धरतात का, हे त्या विद्यापीठाकडून आधीच लेखी घ्यावे. तोंडी आश्वासनावर वर्ष घालवू नये.

प्रश्न : मी एका लहान मंडळीचा पाळक आहे. सेमिनरी ही प्रार्थनेची आणि वचनाच्या अभ्यासाची जागा. ती महाविद्यालयाच्या गजबजाटापासून दूर असावी, असे मला वाटते. आपले मत काय?
— एक पाळक, मराठवाडा

उत्तर : पाळकसाहेब, आपल्या म्हणण्यामागची तळमळ मला कळते, पण मी आपल्याशी सहमत होऊ शकत नाही. सेरामपूरने आपण म्हणता तो मार्ग प्रत्यक्ष चालून पाहिलेला आहे. १८८३ मध्ये तेथील कला शाखा बंद करून संस्था केवळ बाप्टिस्ट मंडळ्यांचे सेवक तयार करण्यासाठी ठेवण्यात आली. पंचवीसहून अधिक वर्षांनी प्राचार्य जॉर्ज हॉवेल्स यांनी संस्थापकांचा मूळ विचार पुन्हा हाती घेतला, १९१० च्या सुमारास उच्च ईश्वरविज्ञानाचे वर्ग सुरू केले आणि पाठोपाठ कला शाखाही परत आणली. त्यांना एकट्या बाप्टिस्टांची संस्था चालवता आली असती. त्यांनी इतर मंडळ्यांना सोबत घेतले, आणि सेमिनरीचा पाया त्यामुळेच रुंद झाला असे मी मानतो.

कॅरी स्वतः चांभारकाम करता करता भाषा शिकलेला माणूस. बायबलचे भाषांतर, वनस्पतिशास्त्र आणि संस्कृत व्याकरण हे त्याच्या लेखी एकाच दिवसाचे काम होते. महाविद्यालयाच्या नियमांत जात, वर्ण किंवा देश यांवरून कोणालाही प्रवेश नाकारू नये, असे कलम घातलेले आहे. ज्याला उद्या शिक्षक, शेतकरी, परिचारिका आणि बेकार तरुण अशा सगळ्यांसमोर उभे राहून बोलायचे आहे, त्याने तीन-चार वर्षे फक्त आपल्यासारख्यांच्याच सहवासात काढावीत, हे मला धोक्याचे वाटते. शेजारच्या वर्गातला भौतिकशास्त्राचा विद्यार्थी जो प्रश्न विचारतो, तोच प्रश्न पुढे मंडळीतला तरुण विचारणार असतो. प्रार्थनेची वेळ मात्र राखलीच पाहिजे. तेवढ्यापुरते आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे.

प्रश्न : कॅरीने मराठीसाठी काही केले का, की सगळे काम बंगालीतच झाले?
— एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : बंगालीत अधिक झाले, हे खरे; परंतु कॅरी कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात, म्हणजे कंपनीच्या अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवणाऱ्या संस्थेत, बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठीही शिकवत असे. त्याचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये सेरामपूरला छापले गेले आणि मराठी–इंग्रजी कोश १८१० मध्ये. हा कोश आज उघडला तर पहिल्याच पानावर आपण अडखळतो, कारण त्यातले मराठी शब्द मोडीत आहेत. त्या काळी पत्रव्यवहार आणि हिशेब मोडीतच चालत, म्हणून सेरामपूरच्या छापखान्याने मोडीचे खिळे पाडून घेतले. अक्षरे एकमेकांना जोडत, हात न उचलता लिहायची ही लिपी; तिचे एकेक अक्षर धातूत सुटे करायचे, हे ओतकाम करणाऱ्यांसाठी किती चिकाटीचे काम असेल!

आपण नागपूरच्या आहात म्हणून मुद्दाम सांगतो. या कामात कॅरीचे सहायक होते फोर्ट विल्यम कॉलेजातील मराठीचे मुख्य पंडित वैजनाथ, आणि ते नागपूरकडचे होते. पुढे १८१४ मध्ये सेरामपूरला छापलेली मराठी ‘सिंहासनबत्तिशी’ही त्यांचीच. व्याकरणाच्या मुखपृष्ठावर नाव एकट्या कॅरीचे आहे, वैजनाथांचा उल्लेख प्रस्तावनेत येतो. आपल्या महाविद्यालयात मराठी मुद्रणाच्या इतिहासावर निबंध लिहायचा झाला, तर वैजनाथ पंडितांपासून सुरुवात करावी, असे मी सुचवीन.