नवा ४के टीव्ही, जुना रिसीव्हर आणि चित्रपट लावला की पडदा काळा. रिसीव्हर बदलावाच लागेल का?

नाही. निदान आज तरी रिसीव्हर विकायला काढू नका, आणि नवी केबलही आणू नका. आधी दहा मिनिटांची एक चाचणी करा, ती पुढे सांगतो.

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. टीव्ही यंदा घेतलेला, ४के. एव्ही रिसीव्हर, म्हणजे जोडलेल्या यंत्रांचं चित्र टीव्हीकडे आणि आवाज स्पीकरकडे पाठवणारं यंत्र, २०१२ चा. रिसीव्हरला एक स्ट्रीमिंग बॉक्स आणि एक ४के ब्ल्यू-रे प्लेअर जोडलेला, आणि रिसीव्हरमधून एकच एचडीएमआय केबल टीव्हीला. बॉक्सवरचं चित्र १०८० च्या, म्हणजे फुल एचडीच्या, वर जात नाही. प्लेअरचा मेनू छान दिसतो, पण डिस्क सुरू केली की पडदा काळा पडतो. दुकानदार म्हणतो केबल बदला, मित्र म्हणतो रिसीव्हर बदला. आणि तुम्ही विचारलंय की जुन्या लाल-हिरव्या-निळ्या कॉम्पोनंट वायरींनी ही भानगड टाळता येईल का.

यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य म्हणजे मेनू दिसतो, चित्रपट दिसत नाही. केबल तुटलेली असती किंवा पोर्ट गेलेलं असतं तर मेनूही आला नसता. चित्र जायला वाट आहे, परवानगी मिळत नाहीये. ही परवानगी देणाऱ्या व्यवस्थेचं नाव एचडीसीपी.

इंटेलने बनवलेली ही पद्धत २००० सालापासून वापरात आहे. प्लेअर चित्र कुलूपबंद करूनच बाहेर सोडतो, आणि सोडण्याआधी पुढच्या यंत्राची ओळख पटवून घेतो. पुढे थेट टीव्ही असेल तर मामला दोघांतच मिटतो. मध्ये रिसीव्हर असेल तर तो आधी स्वतःची ओळख देतो, मग टीव्हीची ओळख तपासतो आणि ती प्लेअरला कळवतो. साखळीतलं एक यंत्र जरी पात्र ठरलं नाही तरी चित्र अडतं, मग बाकीची कितीही नवी आणि महाग असोत. ४के चित्रपटांसाठी या पद्धतीची २.२ ही आवृत्ती लागते, आणि एचडीएमआयसाठी ती आली २०१३ मध्ये. तुमचा रिसीव्हर त्याच्या आधीचा. नुसत्या सॉफ्टवेअर अपडेटने ती त्यात येईल अशी आशा धरू नका, कारण किल्ल्या आणि त्यांचं गणित आतल्या चिपमध्येच असतं.

४के डिस्क आणि स्ट्रीमिंगचं ४के बहुतेक वेळा अशी खूण घेऊन येतं की हे चित्र २.२ पेक्षा जुन्या यंत्राकडे जाऊ द्यायचं नाही. स्ट्रीमिंग बॉक्सला समोर जुनं यंत्र दिसलं की तो गुपचूप १०८० वर उतरतो, म्हणून तुम्हाला तिथे काही बिघडल्यासारखं वाटत नाही. प्लेअर मात्र कधी उतरतो, कधी संदेश दाखवतो आणि कधी नुसता अडून बसतो. दोन्हीकडे कारण एकच आहे.

आता चाचणी. प्लेअरची केबल रिसीव्हरमधून काढा आणि सरळ टीव्हीत लावा. केबल तीच ठेवा, नाहीतर दोष कुठे होता ते कळणार नाही. टीव्ही, रिसीव्हर, प्लेअर तिन्ही भिंतीवरच्या बटणापासून बंद करा, एखाद मिनिट थांबा, मग आधी टीव्ही आणि नंतर प्लेअर चालू करा. डिस्क टाका. चित्रपट ४के मध्ये चालला तर दोष रिसीव्हरच्या टप्प्यात आहे आणि केबलचा विषय तिथेच संपला.

हे मी इतक्या आग्रहाने सांगतोय कारण मी स्वतः हे शेवटी केलं, सुरुवातीला नाही. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे हाच प्रकार झाला. रिसीव्हर कपाटात, टीव्ही समोरच्या भिंतीवर, आणि मध्ये भिंतीतून गेलेली १० मीटरची केबल. जोडणीसाठी आलेल्या माणसाने छातीठोकपणे सांगितलं की भिंतीतली केबल गेली. मी मान डोलावली. भिंतीला परत झिरी मारली, केबल बदलली, प्लास्टर, रंग, दोन दिवस घरभर धूळ आणि आईचा खोकला. पुन्हा चालू केलं तर पडदा तसाच काळा. मग त्या रात्री प्लेअर उचलून टीव्हीखाली ठेवला, त्याच्या खोक्यातली छोटी केबल लावली आणि चित्रपट पहिल्या झटक्यात सुरू झाला. त्या माणसाने, किंवा मी, हे आधी केलं असतं तर भिंत वाचली असती.

केबलचा दोष कधीच नसतो असं मात्र समजू नका. त्याची लक्षणं वेगळी असतात: चित्रात पांढरे ठिपके चमकतात, चित्र क्षणभर जातं आणि परत येतं, किंवा एचडीआर (उजेड-अंधारातला फरक जास्त ठळक दाखवणारं चित्र) लावलं की गडबड आणि काढलं की ठीक. ६० फ्रेमचं ४के एचडीआर न्यायला १८ गिगाबिटपर्यंतचा वेग लागतो, आणि साध्या तांब्याच्या केबलला तो पाच मीटरच्या पुढे जड जायला लागतो. लांबचं अंतर असेल तर फायबरची ॲक्टिव्ह केबल घ्या. तिला दिशा असते, एक टोक प्लेअरकडचं आणि एक टीव्हीकडचं, उलटी बसवली तर काहीच दिसत नाही. भिंतीत घालणार असाल तर रुंद पाइपातून घाला, म्हणजे पुढच्या वेळी नुसती ओढून बदलता येईल. आणखी एक बारकावा: एचडीसीपीचा संवाद केबलमधल्या वेगळ्या, हळू चालणाऱ्या तारांवरून होतो. जुन्या आवृत्तीत हा संवाद सुरुवातीला एकदा होऊन थांबत नाही, दर १२८ फ्रेमनंतर पडताळणी होते. त्या तारेचा सांधा ढिला असेल तर चित्र उत्तम असूनही मध्येच पडदा काळा होतो. म्हणून प्लग नीट दाबून बसवलेत ना, ते आधी बघा.

चाचणीत दोष रिसीव्हरचा निघाला असं धरून चालतो. तरीही तो विकायचा नाही, कारण २०१२ च्या चांगल्या रिसीव्हरचा ॲम्प्लिफायर आणि तुमचे स्पीकर अजून उत्तम काम देतील. त्याला फक्त चित्राच्या रस्त्यातून बाजूला करा, आवाजाचं काम त्याच्याकडेच राहू द्या.

त्यासाठी तुमच्या प्लेअरच्या मागे बघा. अनेक ४के प्लेअरना दोन एचडीएमआय आउट असतात, एक चित्रासकट आणि दुसरं फक्त आवाजासाठी. पहिलं थेट टीव्हीला जोडा, दुसरं रिसीव्हरला. आवाजाच्या वाटेला जुनं एचडीसीपी चालतं, त्यामुळे चित्र पूर्ण ४के एचडीआर मिळेल आणि डॉल्बी ट्रूएचडी, डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हे डिस्कवरचे अस्सल ट्रॅक रिसीव्हरला जसेच्या तसे पोचतील. डॉल्बी ॲटमॉस घरगुती रिसीव्हरांत २०१४ पासून आलं, तेव्हा छताकडचे आवाज तुमचा रिसीव्हर वेगळे काढणार नाही. पण त्याच ट्रॅकच्या पोटात असलेला ७.१ चा ट्रूएचडी तो नीट वाजवेल. मला विचाराल तर बैठकीच्या खोलीत सात चांगले स्पीकर असले की फार काही हुकत नाही.

प्लेअरला एकच आउट असेल, आणि स्ट्रीमिंग बॉक्सच्या बाबतीत तर हेच करायचं आहे, तर यंत्र टीव्हीला जोडा आणि आवाज टीव्हीकडून एआरसीने, म्हणजे एचडीएमआय केबलमधूनच आवाज उलट नेणाऱ्या सोयीने, रिसीव्हरकडे परत आणा. टीव्ही आणि रिसीव्हर दोन्हीकडे ज्या पोर्टवर एआरसी लिहिलंय तेच वापरा. दोन्हीकडे सीईसी, म्हणजे जोडलेल्या यंत्रांना एकमेकांना हुकूम देऊ देणारी सोय, चालू हवं. त्याला सॅमसंग एनीनेट प्लस म्हणतं, एलजी सिम्पलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक. हे बंद असल्यामुळेच एआरसी चालत नाही अशी कितीतरी घरं मी पाहिली आहेत. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये पीसीएम (टीव्हीनेच उलगडलेला आवाज) असेल तर ते बदलून ऑटो किंवा पास-थ्रू करा, नाहीतर ५.१ चे दोनच चॅनल होतील. साध्या एआरसीवरून ट्रूएचडी जात नाही, त्याला दोन्हीकडे ईएआरसी ही एआरसीची सुधारित आवृत्ती लागते. स्ट्रीमिंगवर ट्रूएचडी नसतोच, म्हणून तिथे काही गमावत नाही. डिस्कच्या बाबतीत मात्र साध्या डॉल्बी डिजिटलवर यावं लागेल, आणि काही टीव्ही डीटीएस पुढे पाठवतच नाहीत. ऑप्टिकल केबलचंही तेच, तिच्यातून ५.१ च्या पुढे मजल जात नाही.

आता सेटिंग. टीव्हीच्या ज्या पोर्टला प्लेअर किंवा बॉक्स जोडाल त्या पोर्टची पूर्ण क्षमता अनेकदा कारखान्यातून बंदच येते. एलजीमध्ये ते एचडीएमआय डीप कलर नावाखाली सापडेल, सॅमसंगमध्ये इनपुट सिग्नल प्लस, सोनीमध्ये एन्हान्स्ड फॉरमॅट. ते बंद असेल तर टीव्ही प्लेअरला आपली क्षमता कमी सांगतो आणि एचडीआर मिळत नाही. हा एचडीसीपीचा दोष नव्हे, पण लोक दोन्हींची गल्लत करतात.

प्लेअरमध्ये डिजिटल आवाज बिटस्ट्रीमवर, म्हणजे न उलगडता जसाच्या तसा पाठवण्यावर, ठेवा आणि सेकंडरी ऑडिओ बंद करा. सोनीत याला बीडी ऑडिओ मिक्स म्हणतात. हे चालू असलं की प्लेअर दिग्दर्शकाचं निवेदन आणि मेनूच्या बटणांचे आवाज मुख्य ट्रॅकमध्ये मिसळतो, आणि त्यासाठी अस्सल ट्रॅकचा बळी देतो. रिसीव्हरवर ट्रूएचडीऐवजी नुसतं डॉल्बी डिजिटल उमटत असेल तर नव्वद टक्के वेळा कारण हे एवढंच असतं.

चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचे असतात, आपली टीव्ही प्रक्षेपणं ५० हर्ट्झची. बॉक्समध्ये फ्रेम रेट जुळवण्याचा पर्याय असेल तर चालू करा, कॅमेरा फिरताना येणारे गचके जातील. एचडीआरही कायम चालू न ठेवता चित्रपटाप्रमाणे बदलू द्या. मात्र दर बदलाला यंत्रांची ओळखपरेड नव्याने होते, म्हणून सुरुवातीला दोन-तीन सेकंद पडदा काळा राहील. तो बिघाड नाही. तेवढ्यात केबल काढू नका.

कॉम्पोनंट वायरींचं उत्तर सरळ नाही असंच आहे. ब्ल्यू-रेच्या एएसीएस संरक्षणाच्या अटींनुसार १ जानेवारी २०११ पासून बनलेल्या नव्या प्लेअरमध्ये त्या वायरींवरचं चित्र साध्या डीव्हीडीच्या दर्जावर आणलं गेलं, आणि २०१३ नंतर बनलेल्या प्लेअरमधून ॲनालॉग चित्राचे आउट काढूनच टाकले. त्याहून जुना प्लेअर असला तरी ४के त्यातून येणार नाही.

काही जण तुम्हाला कुलूप काढून टाकणारा स्वस्त स्प्लिटर सुचवतील. तो घेऊ नका. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने ६५अ हे कलम आलं. हक्कभंगाच्या हेतूने असं संरक्षण तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. कलमात हेतूला महत्त्व आहे हे खरं. पण वरच्या जोडणीत कायद्याचा प्रश्नच येत नाही, आणि त्या स्प्लिटरमध्ये एचडीआर टिकेल याची शाश्वती नाही.

तुम्ही शेवटी विचारलंय की पैसे मोजून घेतलेली डिस्क मलाच का दिसू नये. तुमचा संताप रास्त आहे, माझाही तोच आहे. एचडीसीपीच्या पहिल्या पिढीची मुख्य किल्ली सप्टेंबर २०१० मध्ये इंटरनेटवर पसरली आणि ती खरी असल्याचं इंटेलने मान्य केलं. नव्या पिढीचं गणित वेगळं आणि जास्त पक्कं आहे, पण नकली फाइल पाहणाऱ्याच्या वाटेत हे कुलूप येतच नाही. ते येतं तुमच्या वाटेत, कारण तुम्ही डिस्क विकत घेतली. संगणकावर अधिकृतपणे ४के डिस्क पाहणाऱ्यांचं तर याहून वाईट झालं. त्यासाठी इंटेलच्या प्रोसेसरमधली एसजीएक्स ही गुप्त माहिती सुरक्षित ठेवणारी सोय लागायची, आणि नंतरच्या कोअर प्रोसेसरमधून ती काढली गेली. नवा संगणक घेतलेल्या माणसाच्या डिस्क त्याच्या स्वतःच्या संगणकावर चालेनाशा झाल्या. संरक्षण असावं, पण अडलेल्या ग्राहकाला कोणतं यंत्र अडवतंय हे पडद्यावर स्वच्छ सांगायला काय हरकत आहे, हे मला आजवर कळलेलं नाही.

थेट टीव्हीला जोडूनही पडदा काळाच राहिला तर टीव्हीचं दुसरं पोर्ट आणि प्लेअरचं सॉफ्टवेअर अपडेट, या क्रमाने बघा. आणि प्लेअरच्या मागच्या बाजूचा फोटो इथे टाका, कोणती केबल कुठे लावायची ते सांगतो.