ओढ्याच्या पाण्यावर घरची वीज: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: घरामागच्या ओढ्याला १२ मीटरची पडण (पाणी घेण्याची जागा आणि टर्बाइनची जागा यांतला उभ्या उंचीचा फरक) आहे. पाइप ६० मीटर लागेल. वीज किती मिळेल आणि ६३ मिमीचा पाइप पुरेल का?

उत्तर: आधी पाणी मोजा, तेही ओढा सर्वांत आटलेला असताना. सगळा प्रवाह बादलीत घ्या. २० लिटरची बादली ४ सेकंदांत भरली, तर सेकंदाला ५ लिटर. ९.८१ (गुरुत्वाकर्षणाचा आकडा) × ५ लिटर × १२ मीटर म्हणजे सुमारे ५८९ वॅट. यातली निम्मीच वीज हाती येईल असे धरा.

खरी घट पाइपातल्या घर्षणात होते. ६३ मिमीच्या पाइपातून ५ लिटर नेले, तर १२ पैकी सुमारे ४ मीटर दाब वाटेतच जिरतो आणि वीज २०० वॅटच्या आत येते. ९० मिमीच्या पाइपात मीटरभरही जात नाही; २७५ वॅटच्या आसपास मिळतात. दिवसरात्र चालले की साडेसहा युनिट होतात. पैसे वाचवायचेच असतील तर दुसरीकडे वाचवा, पाइपात नको. नोझल, म्हणजे टर्बाइनच्या चाकावर पाण्याची धार मारणारी तोटी, साधारण २१ मिमीचे लागेल. पाइपाला मध्येच उंचवटा राहू देऊ नका, तिथे हवा अडकते.

प्रश्न: टर्बाइनवर २४ व्होल्टच्या बॅटऱ्या भरतो. सौर पॅनेलचा चार्ज कंट्रोलर लावला होता. बॅटऱ्या भरत आल्या आणि तो जळाला. असे का?

उत्तर: बॅटरी भरली की हा कंट्रोलर पॅनेल तोडतो. पॅनेलला त्याने काही होत नाही. पण टर्बाइनवर पाणी आदळतच असते. भार सुटताच चाक जवळजवळ दुप्पट वेगाने फिरते आणि व्होल्टेजही तसेच चढते. तुम्हाला जास्तीची वीज हीटरकडे वळवणारा डायव्हर्जन कंट्रोलर हवा. हीटर टर्बाइनच्या पूर्ण क्षमतेपेक्षा मोठा घ्या आणि लाकडापासून दूर, मोकळ्या हवेत बसवा. चालू टर्बाइनची बॅटरी कधीही सोडवू नका. आधी व्हॉल्व्ह बंद करा, तोही सावकाश. झटक्यात बंद केल्यास पाण्याच्या दणक्याने पाइप फुटतो.

प्रश्न: वीज अधूनमधून कमी होते. दोष कुठे शोधावा?

उत्तर: नोझलच्या अलीकडे प्रेशर गेज बसवा. तुमची पडण १२ मीटर असेल, तर व्हॉल्व्ह बंद असताना १.२ बार (दाबाचे एकक) दिसायला हवा. चालू असताना दाब नेहमीपेक्षा खाली गेला, तर वर पाइपाच्या तोंडाशी लावलेली जाळी पाल्याने तुंबली आहे किंवा पाइपाचे तोंड उघडे पडून हवा ओढते आहे. दाब वाढला आणि वीज घटली, तर नोझलमध्ये खडा अडकला आहे.