केबलचं बिल सारखं का वाढतं? केबलवाला मनाला येईल तेवढे पैसे घेतो का?

बिल का वाढतं एवढंच विचारलं असतंत, तर चार ओळींत उत्तर देऊन मोकळा झालो असतो. पण ‘केबलवाला मनाला येईल तेवढे घेतो का’ हे शेपूट जोडलंत आणि मला माझे साडू आठवले. आता थोडं ऐकून घ्यावं लागेल.

सिडकोत पवननगरच्या बाजूला मी सतरा वर्षं केबल चालवली. २०१३ साली नाशिकला सेट-टॉप बॉक्स सक्तीचे झाले तेव्हा घरोघरी बॉक्स बसवले, पावसात स्प्लिटरमध्ये पाणी गेलं की रात्री अकराला गच्च्या चढलो, आणि दर महिन्याच्या पाच तारखेनंतर दारोदार वसुली केली. साडू इंदिरानगरला राहतात. सातपूरच्या एका कंपनीत हिशेब खात्यातून रिटायर झाले. हे मुद्दाम सांगतोय.

२०१९ च्या फेब्रुवारीत ट्रायचा, म्हणजे फोन आणि केबलचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेचा, नवा नियम लागू झाला: ज्याने त्याने आपली चॅनेलं निवडायची आणि तेवढ्याचेच पैसे भरायचे. लाइन माझी नसली तरी ‘घरातलाच माणूस आहे’ म्हणून त्यांचा फॉर्म भरायला मला बोलावलं. ओट्यावर बसलो, मांडीवर चॅनेलांच्या दरांची दोन्ही बाजूंनी छापलेली यादी. सुरुवातीचे १३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. हा झाला नुसता वायरीचा आकार, त्यात शंभर चॅनेलं. पैशांचं चॅनेल घेतलंत की त्याचा दर वेगळा. एकोणीस रुपयांचं असेल तर जीएसटी धरून २२ रुपये ४२ पैसे.

म्हटलं, ‘दादा, तुम्ही बघता काय ते सांगा.’ क्रिकेट एक. ताईंच्या मालिकांची मराठी दोन. हिंदी पिक्चरचं एक. चारही एकोणीसची धरली तरी २४३ रुपये ८ पैसे. मी पेनाचं टोपण लावलंसुद्धा.

मग सुरू झालं ‘असू दे’. नातू सुट्टीत येतो, कार्टून असू दे. इंग्रजी बातम्या असू देत. क्रिकेट एचडीत असू दे. एक एचडी म्हणजे शंभरातली दोन चॅनेलं, आणि तेव्हा शंभर भरली की पुढच्या प्रत्येक पंचविशीला वीस रुपये वर. तेही असू दे. बेडरूममध्ये दुसरा बॉक्स, त्याचे पैसे पुन्हा वेगळे. शेवटी सुटी चॅनेलं मोजायचा कंटाळा आला आणि दोन मोठाले बुके, म्हणजे एकत्र विकले जाणारे चॅनेलांचे गठ्ठे, घेऊन टाकले. आकडा चारशेच्या पुढे गेला. फॉर्मवर सही त्यांची.

दोन महिन्यांनी मेहुण्याच्या वास्तुशांतीला, जेवणाच्या पंगतीत, पाच-पंचवीस माणसांसमोर म्हणाले, ‘सगळ्यात मोठे लुटारू हे केबलवाले.’ मी वाढपी होतो. हातात मठ्ठ्याचं भांडं होतं. काही बोललो नाही, ते आज इथे बोलतो.

त्या एकोणीस रुपयांतून केबलवाल्याला काय मिळतं ते बघा. जीएसटीचे ३ रुपये ४२ पैसे सरकारला. एकोणीसातले वीस टक्के, म्हणजे ३ रुपये ८० पैसे, वितरणाचे. बाकी चॅनेलवाल्याचे. त्या ३.८० मध्ये आमच्यावरची मोठी केबल कंपनी आणि आम्ही. वेगळा करार नसेल तर ५५-४५. दारात उभ्या राहणाऱ्याच्या वाट्याला येतो एक रुपया एकाहत्तर पैसे. तेव्हाच्या १३० मधले साडेअठ्ठावन्न यायचे. त्यातच वायर, पोरांचे पगार, पेट्रोल आणि दिवाळीत बुडणारी वसुली.

मग वाढतं कशामुळे? बुकेमुळे. एकोणीसपेक्षा महाग चॅनेल बुकेत घालता येत नाही, म्हणून चालणारी चॅनेलं बरोबर एकोणीसवर येऊन बसली. सुटी घेतलीत तर महाग पडतात, म्हणून माणूस बुके घेतो आणि चार हव्या चॅनेलांबरोबर दहा नकोशी येतात. भाजीवाल्याने कोथिंबिरीबरोबर अख्खी पाटी गळ्यात मारावी तसं. २०२० मध्ये ट्रायने ही मर्यादा बारावर आणली. चॅनेलवाले मुंबई उच्च न्यायालयात गेले, तिथे बहुतेक नियम टिकले, तरी प्रकरण पुढे लांबलं आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये पुन्हा एकोणीस झाले. नवे दर १ फेब्रुवारी २०२३ पासून आले. ज्या केबल कंपन्यांनी त्यावर सह्या केल्या नाहीत त्यांची मोठी मोठी चॅनेलं काही दिवस बंद होती. त्या दिवसांत माझा फोन सकाळी सातपासून वाजायचा. चॅनेलवाल्याचा नंबर कुणाकडे असतो? शिव्या खायला केबलवाला.

२०२४ मध्ये वायरीच्या आकारावरची मर्यादाही काढली. आता तो ज्या त्या केबल कंपनीने ठरवायचा. त्यात लोक मोबाइलवर आणि वायफायवर गेले. गल्लीत चाळीस बॉक्स होते तिथे अठरा उरले, तरी वायर तेवढीच लागते. उरलेल्यांवर बोजा येणारच.

तुम्ही एक करा. पुढचा रिचार्ज करण्याआधी पॅकमधल्या चॅनेलांची यादी मागा आणि गेल्या महिन्यात घरात खरंच काय लागलं त्यावर खुणा करा. दहाच्या वर खुणा झाल्या तर बुके ठेवा, नाहीतर सुटी घ्या. ‘असू दे’ म्हणायचं नाही. हिशेब खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाला हे जमलं नाही, तुम्हाला जमेल.

आता आमच्या लोकांबद्दलही लिहितो, नाहीतर इथेच कुणीतरी मला धरेल. पावती न देणारे आहेत. न विचारता मोठा पॅक चालू करणारे आहेत. बॉक्स येण्याआधीच्या काळात शंभर कनेक्शनं असली की वरच्या केबल कंपनीला साठ दाखवायची हे सगळेच करायचे, मीही केलं. तुमच्याकडे पावती मिळत नसेल तर ती आधी मागा. पॅक न विचारता बदलला असेल तर केबल कंपनीच्या ग्राहक सेवेकडे तक्रार करून तक्रार क्रमांक घ्या, दाद लागली नाही तर तक्रारींसाठी नेमलेल्या त्यांच्या नोडल अधिकाऱ्याकडे जा. ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत बसत नाही.

फारच जड होत असेल तर डीडी फ्री डिश आहे. छत्री आणि बॉक्स एकदा विकत घ्यायचा, महिन्याचं काही नाही. आवडती पैशांची मराठी चॅनेलं तिथे मिळतीलच असं मात्र धरू नका.

साडूंनी गेल्या वर्षी तीच बसवली. सिग्नल लागेना म्हणून ताईंचा फोन आला. गेलो, गच्चीवर चढलो, खालून दादा ओरडत होते, ‘आलं, गेलं, आलं.’ अर्ध्या तासात लागलं. या वेळी दोनशे रुपये मजुरी मागून घेतली आणि जुन्या पुस्तकातली पावती फाडून हातात दिली. त्यांनी ती घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवली.