भडकाऊ भाषणांचं राजकारण पूर्वीही होतं. तुमच्या घरच्या आठवणींत आणि आजच्या काळात काही साम्य दिसतं का?

दिसतं. पण आजचा अमुक नेता म्हणजे तेव्हाचा तमुक, अशा जोड्या लावण्यात मला अर्थ वाटत नाही. साम्य मला ऐकणाऱ्यांमध्ये दिसतं, आणि त्याहून जास्त, आठवणी अर्ध्यावर तोडून सांगण्याच्या सवयीत.

आम्ही सोलापूरचे. आज्जीचं माहेर मात्र नळदुर्गच्या बाजूचं, म्हणजे तेव्हाच्या मोगलाईतलं, निजामाच्या हैदराबाद संस्थानातलं. सोलापूर इंग्रजी मुलखात, आणि थोडं पूर्वेला गेलं की निजामाची हद्द. 1948 साली हद्दीपलीकडची कितीतरी कुटुंबं जीव वाचवायला सोलापुरात आली, त्यात आज्जीचं घर होतं.

ज्याच्या भाषणांनी तिकडचा मुलूख पेटला तो कासिम रझवी लातूरचा वकील. मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन या मुसलमानांच्या पक्षाचा पुढारी आणि रझाकारांचा, म्हणजे त्या पक्षाच्या हत्यारबंद स्वयंसेवकांचा, म्होरक्या. दिल्लीच्या लाल किल्ल्यावर निजामाचा आसफजाही झेंडा फडकवू, अशी त्याची भाषा. संस्थानात मुसलमान साधारण आठात एक, आणि त्यातले बहुतेक गरीब. मजलिसनं त्यांना आधीपासून 'अनल मलिक' शिकवलं होतं : राज्य एकट्या निजामाचं नाही, तुमच्यातला प्रत्येक जण राजा आहे. टांगा हाकणाऱ्याला, दुसऱ्याच्या रानात राबणाऱ्याला कुणी सांगितलं की तू राजा आहेस आणि तुझं राज्य हिसकावायला शेजारी टपलेत, की त्याला शेजारी निराळाच दिसायला लागतो. त्याच्या घरातली ज्वारी काही वाढली नाही. भाषणात ज्वारीचा विषयच नसायचा.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. असा पुढारी आपल्यातल्या शंका घेणाऱ्यांनाही सोडत नाही. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान हैदराबादनं भारतात विलीन व्हावं असं लिहीत होते. ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादेत त्यांना रस्त्यात गाठून मारलं, हात तोडले. रझाकारांवर बोट ठेवणारा हा माणूस स्वतः मुसलमान होता.

आज्जीच्या घराशेजारी एक मण्यार, म्हणजे बांगड्या विकणारा मुसलमान, राहायचा. आज रात्रीच निघा, उद्याचं काही खरं नाही, हे त्यानंच येऊन सांगितलं. आवाज होऊ नये म्हणून बैलांच्या गळ्यातली घुंगरं त्यानं स्वतःच्या हातानं सोडली. हे आज्जी दर वेळी सांगायची, त्याच क्रमानं, एक शब्द न गाळता.

13 सप्टेंबरला सोलापूरकडून भारताची फौज निघाली, पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतलं, आणि 17 तारखेला निजाम शरण आला. हीच ती पोलीस ॲक्शन. पणजोबा घर बघायला गावी परतले. आमचं घर रझाकारांनी लुटलेलं, वाशांसकट. शेजारी मण्याराचं घर जळालेलं होतं. ते ॲक्शननंतर गावातल्याच लोकांनी जाळलं. तो रझाकार नव्हता आणि हे गावाला ठाऊक होतं. त्याचं आणि त्याच्या माणसांचं पुढं काय झालं, ते आमच्या घरात कुणालाच कधी कळलं नाही.

हे फक्त आमच्या गावात घडलं नाही. नेहरू सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं ॲक्शनच्या काळात आणि त्यानंतर मारल्या गेलेल्यांचा अंदाज 27 ते 40 हजार दिला. सर्वांत जास्त फटका बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद होतं. तो अहवाल कित्येक दशकं दडून राहिला. आणि रझवी? तुरुंगातून 1957 साली सुटला, पाकिस्तानात गेला, 1970 मध्ये तिकडेच वारला. ज्यांच्या नावानं तो गर्जत होता ती माणसं इथं उरली, त्याच्या शब्दांची किंमत मोजायला.

आता आजचं. दर 17 सप्टेंबरला आमच्या नात्यातल्या ग्रुपवर रझाकारांच्या अत्याचारांचे मजकूर येतात. त्यातलं बरंच खरं असतं, आमच्याच घरानं ते सोसलंय. शेवटी मात्र एक ओळ जोडलेली असते, आज आपल्या गल्लीत राहणाऱ्या माणसांबद्दल. खोटं असतं तर खोडून काढता आलं असतं. ही अर्धी खरी आठवण आहे, म्हणून ती थेट काळजात जाते. मी खाली मण्याराची गोष्ट लिहिली, तर एका चुलतभावानं विचारलं, "आत्ता याची काय गरज आहे?" रझवीला ऐकणारेही शोएबुल्लांना हेच विचारत असणार, असं मला मनापासून वाटतं.

फरकही मोठा आहे, तो लपवणार नाही. रझवीच्या पाठीशी हत्यारबंद टोळ्या होत्या आणि राजसत्ता त्यांच्याकडे काणाडोळा करत होती. आपल्याकडे मत आहे, कोर्ट आहे. पण सभेत काय ऐकवलं जातं ते बघा. सोलापुरात नळाला रोज पाणी नाही, यंत्रमाग बंद पडताहेत, शिकलेली पोरं पुण्याची गाडी धरतात. मैदान भरतं मात्र शेजाऱ्याच्या भीतीवर.

जोशाचं प्रत्येक भाषण वाईट, असं मी म्हणत नाही. 1930 च्या मे महिन्यात याच शहरात लोक पेटून उठले, मार्शल लॉ लागला, गांधी टोपी घालणं गुन्हा ठरलं. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा हे चौघं 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फासावर गेले. सरकारनं ज्यांना पुढारी मानलं, त्यांनी किंमत स्वतः मोजली. कुठलंही भाषण ऐकताना मी हेच बघतो : याचा हिशोब उद्या कुणाच्या दारात येणार आहे, बोलणाऱ्याच्या की ऐकणाऱ्याच्या?

तुमच्या घरात त्या काळातलं कुणी असेल, तर आताच बसून विचारा. तेव्हाची पोरं आज ऐंशीच्या पुढं आहेत. त्यांना फक्त काय सोसलं एवढंच विचारू नका. शेजारी कोण राहत होतं आणि ॲक्शननंतर त्या घराचं काय झालं, हेही विचारा, आणि सांगतील ते सगळं लिहून ठेवा.