ऑनलाइन द्वेषाविरुद्ध लढणाऱ्या संस्थांना पैसा कुठून मिळतो? सरकारी पैसा घेतला की त्या सरकारच्याच होतात का?

मी बर्लिनमध्ये राहते आणि इथल्या 'हेटएड' या संस्थेला दरमहा थोडी देणगी देते. त्यामुळे तिच्यापुरतं सांगते.

आधी पैसा लागतो कशाला ते बघा. कुणी टोपणनावाने तुमच्याबद्दल गलिच्छ लिहिलं, तर दावा लावण्याआधी तो माणूस कोण हे कळायला हवं. सोशल मीडिया कंपनीने ते सांगावं म्हणून कोर्टात वेगळा अर्ज करावा लागतो आणि जर्मनीत त्याचा खर्च ज्याला शिव्या पडल्या त्यानेच करायचा. ग्रीन पक्षाच्या नेत्या रेनाटे क्युनास्ट यांनी २०१९ मध्ये फेसबुकवरच्या २२ कमेंट्ससाठी असा अर्ज केला. बर्लिनच्या कोर्टाला त्यातली एकही कमेंट अपमानकारक वाटली नाही! त्या वाचल्या तर अंगावर काटा येतो. हेटएडच्या साथीने त्या लढत राहिल्या आणि शेवटी जर्मनीच्या सर्वोच्च घटना न्यायालयाने त्यांच्या बाजूने दिलेला निर्णय जाहीर झाला तो फेब्रुवारी २०२२ मध्ये. इतकी वर्षं वकिलाची फी भरणं साध्या नोकरदाराला कसं परवडेल?

२०१८ मध्ये सुरू झालेली हेटएड हाच खर्च उचलते. हरलात तर एक पैसाही मागत नाही. जिंकलात आणि भरपाई मिळाली, तर ती रक्कम संस्थेच्या निधीत जाते आणि पुढच्या माणसाचा खटला त्यातून लढवला जातो. शिव्या देणाऱ्याच्या खिशातून पुढच्या पीडितासाठी वकील उभा राहतो, हे मला मनापासून पटतं. पण या पैशाचा भरवसा नाही. क्युनास्टबाईंच्या तोंडी खोटं वाक्य घालणाऱ्या मीमवरून झालेल्या खटल्यात फ्रँकफर्टच्या कोर्टाने २०२२ मध्ये १०,००० युरोंची भरपाई मंजूर केली होती. २०२४ मध्ये अपिलात ती रद्द झाली.

म्हणून पगार आणि समुपदेशनाचा खर्च सरकारी अनुदान, फाउंडेशन आणि लोकांच्या देणग्यांवर चालतो. त्यातलं आल्फ्रेड लांडेकर फाउंडेशन मला फार महत्त्वाचं वाटतं. नाझींना पाठिंबा देणाऱ्या राइमान उद्योगघराण्याने आपला तो इतिहास उघड झाल्यावर २०१९ मध्ये ते उभारलं आणि नाझींनी मारलेल्या एका ज्यू माणसाचं नाव त्याला दिलं.

आता सरकारी पैशाबद्दल. जर्मन केंद्र सरकारच्या 'डेमोक्राटी लेबेन' ('लोकशाही जगा') या कार्यक्रमातून मिळणारं अनुदान ठरावीक कामाला आणि ठरावीक मुदतीपुरतं असतं, त्याचा हिशेब द्यावा लागतो. त्यामुळे संस्था सरकारची बटीक होईल यापेक्षा सरकार बदललं की अनुदान आटेल, ही भीती मला जास्त खरी वाटते. २०२५ मध्ये हेटएडला बेकायदा मजकूर कळवणारी अधिकृत संस्था म्हणून मान्यता मिळाली, तेव्हा 'सरकारी सेन्सॉर' असा ओरडा झाला. पण संस्था फक्त कळवते, मजकूर काढायचा की नाही हे कंपनीच ठरवते. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये अमेरिकेने सेन्सॉरशिपच्याच आरोपावरून संस्थेच्या दोन्ही महिला प्रमुखांना प्रवेशबंदी केली.

अशा वेळी उपयोगी पडतो तो कुठल्याही एका प्रकल्पाला न बांधलेला पैसा, म्हणजे लोकांच्या छोट्या देणग्या. तुम्हाला कुठल्याही संस्थेची पारख करायची असेल तर तिचा वार्षिक अहवाल उघडा आणि सगळ्यात मोठ्या देणगीदाराने उद्या हात आखडता घेतला तर किती काम उरेल, तेवढं बघा.