आवक क्रमांक दिलास का?

प्रिय सहकारी,

सप्रेम नमस्कार. तू मला ‘सर’ म्हणतेस आणि मी तुला सहकारी म्हणतो आहे, याचे नवल वाटून घेऊ नकोस. कामगार कार्यालयाच्या ज्या खिडकीमागे मी एकोणतीस वर्षे बसलो, तिच्यामागे आता तू बसतेस, एवढे नाते मला पुरेसे आहे.

तुझे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात तुझी काळजी वाटली आणि दुसऱ्या वाचनात, खरे सांगायचे तर, तुझा राग आला. बारा तासांची ड्यूटी करून आठ तासांचा पगार घेणारा आणि आता तोही दोन महिने न मिळालेला एक सुरक्षारक्षक तुझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याच्याकडे नेमणूकपत्र नव्हते, पगारपावती नव्हती आणि एजन्सीचे नावही त्याला धड सांगता येत नव्हते, कारण गणवेशावर एक नाव होते आणि बँकेत पैसे टाकणाऱ्याचे नाव दुसरेच होते. हे आपले नाही, सुरक्षारक्षक मंडळाचे प्रकरण असावे, शिवाय कागद नाहीत, असे वरिष्ठ म्हणाले आणि तू त्याला ‘कागद घेऊन सोमवारी या’ असे सांगून पाठवलेस. तो सोमवार गेला, त्यानंतरचाही गेला. आता तू मला विचारतेस की त्याला नेमके कोणते कलम लागू होत होते. कलमाचे नंतर पाहू. त्याला आवक क्रमांक, म्हणजे अर्ज आल्याचा नोंदवहीतला क्रमांक, दिलास का?

दिला नाहीस. दिला असतास तर पत्रात पहिल्यांदा तेच लिहिले असतेस.

मी तुला एकच गोष्ट सांगणार आहे आणि ती कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे. तक्रार घेऊन आलेल्या माणसाला आवक क्रमांक दिल्याशिवाय परत पाठवायचे नाही. अर्ज तोडकामोडका असो, पाच ओळींचा असो, तूच त्याच्या तोंडून ऐकून लिहिलेला आणि त्याने खाली अंगठा उठवलेला असो. त्यावर तारखेचा शिक्का, नोंदवहीतला क्रमांक, तुझी सही, आणि दुसरी प्रत त्याच्या हातात. प्रकरण आपल्या अखत्यारीत नसेल, म्हणजे बँकेतला, रेल्वेतला किंवा बंदरातला कंत्राटी कामगार असेल आणि त्याला केंद्रीय कामगार आयुक्तांकडे जावे लागणार असेल, तरीसुद्धा क्रमांक द्यायचा आणि अर्ज तिकडे रवाना केल्याचे जावक क्रमांकासह त्याला कळवायचे.

हा हट्ट मला जन्मतः नव्हता. २००८ सालच्या दिवाळीच्या आधी एका कंपनीत कंत्राटदारामार्फत साफसफाई करणारी एक बाई माझ्याकडे आली होती. किमान वेतनापेक्षा कमी पगार, तोही रोख, आणि सही मात्र पूर्ण रकमेच्या कागदावर. तिच्या प्लास्टिकच्या पिशवीत एक गेटपास होता आणि शाळेची उरलेली पाने शिवून केलेली एक वही होती. त्या वहीत तिच्या मुलीने रोजच्या तारखेपुढे आईची हजेरी मांडली होती. रविवारी काम झाले असेल तर लाल पेनाने, आणि सणाच्या दिवशी काम झाले असेल तर पुढे ‘डबल नाही दिले’ असा शेरा. इतकी प्रामाणिक हजेरी मी त्यानंतर क्वचितच पाहिली. मी ती वही चाळली, परत दिली आणि म्हणालो, ‘नेमणूकपत्र आणि पगारपावती घेऊन या.’ ती पुन्हा आली, तेव्हा मी रजेवर होतो. तिसऱ्यांदा आली तेव्हा तिला कामावरून बसवून आठ महिने होत आले होते आणि कंत्राटदारही बदलला होता.

किमान वेतन अधिनियमाच्या कलम २० खाली अर्ज करायला तेव्हा सहा महिन्यांची मुदत होती. पुरेसे कारण असेल तर विलंब माफ करता येत असे, म्हणून विलंब माफीचा अर्ज केला. उलटतपासणीत कंत्राटदाराच्या वकिलाने तिला एवढेच विचारले की तुम्ही कार्यालयात पहिल्यांदा कधी गेलात. ती म्हणाली, दिवाळीच्या आधी. त्याला पुरावा काय? आवक नोंदवहीत तिचे नाव नव्हते. माफीचा अर्ज फेटाळला गेला आणि त्याबरोबर सगळेच गेले. तिच्या वतीने उभ्या राहिलेल्या वकिलांनी त्याआधी मला विचारले होते की ती आल्याचे प्रतिज्ञापत्र मी देईन का. मी वरिष्ठांना विचारले. ‘आपण कशाला त्यात पडायचे?’ असे ते म्हणाले, आणि मला ऐकायचे होते नेमके तेच त्यांनी म्हटले होते.

म्हणून नेमणूकपत्र मागणाऱ्या वरिष्ठांचे नाव तू सांगितलेस तेव्हा मला त्यांच्यापेक्षा माझीच आठवण जास्त झाली. जो कागद मालकाने द्यायचा होता आणि दिला नाही, तो कागद ज्याला मिळाला नाही त्याच्याकडे मागायचा, ही आपल्या कार्यालयांची जुनी खोड आहे. त्याऐवजी त्याच्याकडे काय आहे ते विचार. ईएसआयसीचे, म्हणजे कामगार विम्याचे, कार्ड आहे का? पीएफच्या पासबुकात कोणत्या आस्थापनेने कोणत्या महिन्यात पैसे भरले ते दिसते. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, आठवत नसेल तर त्याच्या मोबाइलवर आलेला जुना संदेश शोध. बँकेचा उतारा, गेटपास, सुपरवायझरने व्हॉट्सॲपच्या गटात टाकलेले ड्यूटीचे वेळापत्रक, गणवेशातला फोटो. यातले काहीच नसेल तर कोणत्या गेटवर, कोणत्या पाळीला, कोणाबरोबर उभा असायचा ते लिहून घे. गेट कोणाचे हे कळले की मुख्य मालक, म्हणजे कंत्राटदाराकडून माणसे घेणारा, कोण ते कळते, आणि कंत्राटदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून मुख्य मालकावर आहेच.

नवीन कामगार संहितांमुळे गोंधळ उडाल्याचे तू लिहितेस. तो माझाही उडाला आहे आणि निवृत्त झाल्यामुळे मला तो सवडीने अनुभवता येतो आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून २९ जुने कायदे चार संहितांमध्ये आले. जुन्या कलमांचे आकडे माझ्या बोटांवर होते, ते आता निरुपयोगी झाले. पण तुझे वरिष्ठ म्हणतात की वेतन संहितेत दाव्याची मुदत तीन वर्षांची झाली, मग एवढी घाई कशाला, हे मात्र मला मुळीच पटत नाही. एक तर मुदत सगळीकडे वाढलेली नाही. कामावरून काढल्याचा वाद उपस्थित करण्याची मुदत जुन्या कायद्यात तीन वर्षांची होती, ती औद्योगिक संबंध संहितेत दोन वर्षांवर आली आहे. आणि दुसरे असे की कायद्याने तीन वर्षे दिली म्हणून पुरावा तीन वर्षे थांबत नाही. कंत्राटदार बदलतो, हजेरीचे मस्टर नव्याने लिहिले जाते, साक्ष देणारा सोबती बीडला किंवा बिहारला निघून जातो आणि जुना मोबाइल पाण्यात पडतो. वेतन दिले हे सिद्ध करण्याचा भार त्या संहितेने मालकावर टाकला आहे, ही चांगलीच गोष्ट आहे. पण तो भार त्याच्या खांद्यावर पडण्यासाठी आधी दावा दाखल व्हावा लागतो, आणि दावा दाखल होण्यासाठी आधी तुझ्या खिडकीतून तो माणूस रिकाम्या हाताने परत जाता कामा नये.

थोडे विषयांतर वाटेल, पण आहे ते याच विषयातले. १८८४ मध्ये कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवून गिरण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी फॅक्टरी कमिशनपुढे मांडायचा जो अर्ज तयार केला, त्यावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, आणि मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळावा, अशा साध्या मागण्या त्यात होत्या. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली. पगाराची तारीख कायद्यात यायला १९३६ उजाडले. एक हजारांहून कमी कामगार असतील तर ७ तारीख, त्याहून जास्त असतील तर १०, असे तेव्हा ठरले. एका तारखेसाठी बावन्न वर्षे गेली. त्या साडेपाच हजारांना कोणी नेमणूकपत्रे मागितली असती तर काय झाले असते, हे मी कार्यालयात एकदा मोठ्याने विचारले होते. कोणी हसले नाही.

आता तुझ्या पत्राच्या शेवटच्या ओळीकडे वळतो, जी तू जाता जाता लिहिलीस आणि जिच्यासाठी, मला वाटते, सारे पत्र लिहिलेस. तू स्वतः अकरा महिन्यांच्या करारावर आहेस आणि प्रलंबित अर्जांचा आकडा वाढवणाऱ्या मुलीचा करार पुढे चालू राहील का, ही तुझी भीती आहे. भीती खोटी नाही. मी कायम नोकरीत होतो, म्हणून मला हे बोलणे सोपे जाते, असे तू मनात म्हणशील, अवश्य म्हण. मलाही प्रत्येक अर्ज नोंदवून ‘अनावश्यक प्रलंबितता’ निर्माण केल्याबद्दल दोनदा कारणे दाखवा नोटीस आली आणि तीन वर्षे अभिलेख कक्षात धूळ खात बसावे लागले. तिथे मला २००८ ची नोंदवही सापडली. ती बाई पहिल्यांदा आली त्या आठवड्याची पाने मी काढून पाहिली. माझ्याच अक्षरात नोंदी होत्या. त्यातली एक कुठल्याशा मंडळाच्या दिवाळी फराळाच्या निमंत्रणाची होती. निमंत्रणाला क्रमांक मिळाला होता.

माझा हट्ट प्रत्येक वेळी बरोबर ठरला, असे मात्र समजू नकोस. पुढे एकदा पत्र्याच्या शेडमधल्या एका प्रेसशॉपमधला कामगार ओव्हरटाइम दुप्पट दराने मिळत नसल्याची तक्रार घेऊन आला. मी मोठ्या उत्साहाने ती नोंदवली आणि मालकाला जे पत्र गेले त्यात त्याचे नाव गेले. आठवडाभरात त्याचे गेट बंद झाले. तो येऊन म्हणाला, ‘साहेब, तो कागद फाडून टाका, मला पुन्हा घेतो म्हणालेत.’ मी फाडला नाही. तक्रार मागे घेत असल्याचा अर्ज द्या, त्यालाही क्रमांक देतो, असे मी म्हणालो. तो माझ्याकडे बघत राहिला आणि निघून गेला. आजही मला वाटते की फाडणे चूकच ठरले असते, कारण आज त्याच्या विनंतीवरून फाडलेला कागद उद्या मालकाच्या विनंतीवरून फाडला जातो. आणि नाव बाहेर गेले ते पत्रामुळे, नोंदीमुळे नव्हे. हे तुला समर्थन वाटेल. असेलही. पण तू निदान त्यातली माझी चूक टाळ. तक्रार साऱ्या कामगारांची आहे आणि तपासणी हवी आहे, की त्याला स्वतःचे पैसे हवे आहेत, हे पहिल्याच भेटीत विचार. वैयक्तिक दाव्यात नाव द्यावेच लागते आणि ते त्याला आधी सांगावे लागते. तपासणीच्या तक्रारीत नाव मालकापर्यंत जाण्याचे कारणच नाही. तक्रार कोणाकडून आली हे निरीक्षकाने गोपनीय ठेवावे, असे कारखाने अधिनियमातले ११८-अ हे कलम सांगत होते आणि ते मी तेव्हा वाचलेले नव्हते.

हिशोबाचे तू विचारले आहेस, ते थोडक्यात सांगतो, कारण तुला ते येते, फक्त घाबरतेस. ग्रॅच्युइटीत रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख आधी पक्की कर. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून शेवटचा पगार १८,२०० असेल, तर त्याला २६ ने भागून १५ ने गुणले की १०,५०० येतात. सात वर्षे आठ महिने झाले असतील तर सहा महिन्यांवरचा भाग पूर्ण वर्ष धरून आठ वर्षांचे ८४,०००. मालक सातच वर्षांचे देतो आणि माणूस आभार मानून घरी जातो. ती तारीख तुझ्या नोंदीत असेल तर उरलेले १०,५०० मिळवता येतात.

आता तो सुरक्षारक्षक. त्याचा मोबाइल क्रमांक तू घेतला नसशील, असे मी धरून चालतो. पण कोणत्या सोसायटीचे गेट ते तुला आठवते, असे तू लिहिले आहेस. पाळी बदलण्याची वेळ साधारण सकाळी आठच्या आसपास असते. शनिवारी तिकडे जा. तो तिथे नसेल तर त्याच्या जागी उभा असलेल्याला विचार. गेटवरच्या माणसांना एकमेकांचे नंबर पाठ असतात. जाताना दोन कोरे कागद आणि कार्बन घेऊन जा, त्याची हकीकत तिथेच लिहून घे, आणि सोमवारी कार्यालय उघडल्यावर पहिली नोंद त्याची कर. वरिष्ठांनी विचारले तर टपालाने आली म्हणून सांगू नकोस, तू जाऊन आणलीस म्हणूनच सांग.

आणि क्रमांक मला कळव.

तुझा,
त्याच खिडकीमागचा जुना सहकारी